‘शक्ती’, ‘लस’ आणि ‘पित्त’ : परिचर्या-शिक्षणातील काही शब्दांचे परीक्षण

शास्त्रीय परिभाषेविषयी मराठीत जी चर्चा झाली ती बहुतांशी कोशकाराच्या बाजूने झाली. इंग्रजी संज्ञेस कोणता प्रतिशब्द योजावा, तो संस्कृतोद्भव असावा की लोकभाषेतून उचलावा, उच्चारास तो सुकर आहे की नाही, या प्रश्नांचा ऊहापोह पुष्कळ झाला. परंतु एखादा शब्द ज्याच्या पदरी पडतो त्याच्या हातून त्या शब्दामुळे काय घडते आणि काय बिघडते, हे फारसे पाहिले गेले नाही. ते पाहावयाचे तर परिचर्येच्या शिक्षणाइतके अनुकूल क्षेत्र क्वचितच सापडेल. डॉक्टर औषध लिहितो ती भाषा इंग्रजी असते; रुग्ण दुखणे सांगतो ती घरची असते; आणि औषध प्रत्यक्ष टोचणारी परिचारिका या दोहोंच्या मध्ये उभी असते. औषधशास्त्र आणि शरीराची रोगप्रतिकारव्यवस्था हे तिच्या अभ्यासातील दोन विषय असे आहेत, की ज्यांत शब्दाची चूक ही शब्दापुरती राहत नाही.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका या परीक्षणासाठी समोर ठेवण्यास कारण आहे. पश्चिमेस लोणावळा-खंडाळ्याचा घाट, तेथील धुवाधार पाऊस, खाली इंद्रायणी, पवना, आंद्रा यांच्या काठची भातखाचरे. आणि पूर्वेस, तालुक्याची हद्द ओलांडताच, पिंपरी. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना तेथे १९५४ साली झाली आणि १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात आलेल्या आणि १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळालेल्या संस्थेच्या परंपरेतील, घोड्यांपासून प्रतिविष मिळविण्याचा विभागही पिंपरीतच उभा राहिला. म्हणजे आवणीच्या दिवसांत खाचरात ज्याच्या पायास सर्प डसतो तो शेतकरी, आणि त्याच्यासाठी ज्याच्या रक्तातून औषध निघते तो घोडा, हे एकाच मुंबई-पुणे रस्त्याच्या आसपासचे रहिवासी होत. तळेगाव दाभाडे येथे १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मावळातील एखाद्या गावी मराठी माध्यमातून शिकून परिचर्येच्या अभ्यासक्रमाकडे वळलेली मुलगी ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द शाळेतून बरोबर घेऊनच येते. तेथूनच प्रश्नास आरंभ होतो.

‘शक्ती’ ही कमीजास्त होणारी वस्तू आहे. ती खाण्याने वाढते, आजाराने घटते, आणि जितकी अधिक तितकी बरी, असे तिचे स्वरूप मराठी मनात पक्के बसलेले आहे. ज्या लॅटिन शब्दापासून इंग्रजी संज्ञा आली त्यात शक्तीची कल्पना मुळीच नाही. तेथे अर्थ आहे तो करातून वा सरकारी चाकरीतून सूट मिळण्याचा. मराठेशाहीच्या कागदपत्रांतील सारामाफीच्या जवळचा. माफी ही एका विशिष्ट देण्यापुरती असते. एक सारा माफ झाला म्हणून सगळीच देणी माफ होत नाहीत. गोवराची माफी मिळालेल्या देहास कांजिण्यांची माफी नसते. हा ‘विशिष्टते’चा अर्थ ‘शक्ती’ने सर्वस्वी पुसून टाकला. विश्वकोशादी ग्रंथांनी स्वीकारलेला ‘रोगप्रतिकारक्षमता’ हा शब्द त्या मानाने संयत खरा. परंतु तो ग्रंथातच राहिला, आणि क्षमतेतही वाढ-घटीचा ध्वनी आहेच. ‘प्रतिजन’ आणि ‘प्रतिपिंड’ ही जोडी मात्र नेमकी साधली आहे, कारण तीत एकाचे दुसऱ्याशी असलेले कुलूप-किल्लीचे नाते दिसते. विद्यार्थिनीचे दुर्दैव इतकेच, की तिच्या घरी ‘शक्ती’ बोलली जाते आणि ‘प्रतिपिंड’ बोलले जात नाही.

या शब्दाचा अतिरेक २०२० साली सर्वांनीच पाहिला. करोनाच्या साथीत काढे, चूर्णे, गोळ्या सर्व काही ‘शक्ती वाढविण्या’साठी विकले गेले. त्याच वर्षी जून महिन्यात ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम दिल्याने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांतील सुमारे एक-पंचमांशाने कमी झाले, ज्यांस प्राणवायू लागत नव्हता त्यांस लाभ झाला नाही. हे औषध प्रतिकारव्यवस्थेचा क्षोभ दडपते. नातेवाईक शक्ती वाढविण्याचा काढा दाराशी आणून देत असता आत परिचारिका त्याच रुग्णास ती ‘शक्ती’ आवरणारे इंजेक्शन देत होती, आणि ते योग्यच होते. ज्या विद्यार्थिनीच्या मनात एकच शब्द आहे तिला या कृतीची संगती लागणे कठीण. ती पाठांतराने उत्तीर्ण होईल. परंतु नातेवाइकाने ‘हे कशाला देता?’ असे विचारले तर तिच्यापाशी उत्तर असणार नाही.

सर्पदंशाचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण त्यात औषधशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र हे दोन विषय एकाच कुपीत येतात. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांविरुद्ध घोड्याच्या देहात तयार झालेल्या प्रतिपिंडांचे असते. कुपीतील कोरडी भुकटी निर्जंतुक पाण्यात विरघळवून, सलाइनमधून शिरेवाटे देतात. आरंभीची मात्रा साधारणतः ८ ते १० कुप्यांची. येथे औषधशास्त्राचा एक दृढ नियम उलटतो. बहुतेक औषधे बालकास वजनाच्या मानाने कमी द्यावयाची असतात. प्रतिविष मात्र बालकासही मोठ्या माणसाइतकेच द्यावे लागते, कारण सर्पाने माणसाचे वय पाहून विष ओतलेले नसते. मात्रा येथे देहावर नव्हे, विषावर ठरते. ‘शक्ती देणारे औषध’ अशी समजूत असेल तर लहान मुलास कमी कुप्या देण्याचा मोह अगदी साहजिक होय. ‘विषाच्या कणाला गाठून निकामी करणारे प्रतिपिंड’ अशी समजूत असेल तर तो मोह उद्भवतच नाही.

लोणावळ्याच्या रानात आढळणारा हिरवा चापडा हा तर विशिष्टतेचा चालताबोलता धडाच म्हटला पाहिजे. तोही विषारी, परंतु वरील चौघांत त्याची गणना नाही, आणि त्याच्या विषाविरुद्ध हे प्रतिविष केलेले नसते. नाग आणि घोणस यांना पुरून उरणारे औषध या लहानशा सर्पापुढे निरुपयोगी ठरावे, हे ‘शक्ती’च्या भाषेत कोडेच राहील. माफीच्या भाषेत त्यात कोडे काहीच नाही.

लोकभाषेत प्रतिविषास ‘उतारा’ म्हणतात. हा शब्द जुना, आणि मांत्रिकाने विष ‘उतरविण्या’शी त्याचे नाते असल्यामुळे सुशिक्षितांस नकोसा. तरीही ‘शक्ती’पेक्षा तो सत्याच्या जवळ आहे; बाहेरून आलेले नाहीसे करणे एवढाच त्याचा दावा. दोष इतकाच, की चढलेले सर्व उतरते असे त्यातून सूचित होते. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांना एकदा झालेली इजा प्रतिविषाने भरून येत नाही. तेथे दिवसचे दिवस कृत्रिम श्वसन द्यावे लागते. उतारा रक्तात फिरणाऱ्या विषाचा होतो, झालेल्या नुकसानीचा होत नाही.

वृत्तपत्रांनी मात्र ‘उतारा’ टाकून ‘सर्पदंशाची लस’ हा प्रयोग रूढ केला. शब्दाच्या इतिहासाकडे पाहता तो अगदीच निराधार नाही. लस म्हणजे मुळात फोडातून वा जखमेतून पाझरणारा चिकट द्रव. देवी काढताना तो द्रव टोचीत म्हणून टोचण्याच्या पदार्थासही तेच नाव मिळाले. रक्तापासून निघालेल्या प्रतिविषास कोणी लस म्हटले तर व्युत्पत्ती आड येत नाही. व्यवहार मात्र आड येतो. देवीची, गोवराची, धनुर्वाताची लस देहास शिकविते. शिकण्यास दिवस लागतात, आणि शिकलेले वर्षानुवर्षे टिकते. प्रतिविष काहीच शिकवीत नाही. ते दुसऱ्याने शिकून तयार केलेली प्रतिपिंडे उसनी देते. ती तत्काळ कामास येतात आणि लवकरच संपतात. गेल्या पावसाळ्यात ‘सर्पदंशाची लस’ मिळालेल्या शेतकऱ्याने यंदाच्या दंशास कमी लेखावे, असे हा शब्द त्याला सांगतो. येथे विनोदास जागा नाही.

हा भेद समजावण्यास अलर्काचा उपचार सर्वांत सोयीचा. पिसाळलेल्या कुत्र्याने खोल चावा घेतला असता एकाच बैठकीत दोन औषधे देतात : तयार प्रतिपिंडे जखमेत आणि तिच्या भोवताली, आणि लस दंडात. दोन्ही एका सिरिंजमध्ये मिसळावयाची नसतात, नाही तर उसनी प्रतिपिंडे लसीलाच निकामी करतात. लसीपासून देह स्वतःची प्रतिपिंडे निर्माण करीपर्यंत आठवडा-दीड आठवडा जातो. तेवढ्या अवधीसाठी उसनवार. एकाच ट्रेमध्ये प्रतिकारक्षमतेचे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी ठेवलेले असताना त्यांची व्याख्या वहीतून पाठ करवून घेणारे अध्यापन किती कोरडे म्हणावे! अभ्यासक्रमाची रचनाही या कोरडेपणास काही अंशी जबाबदार आहे. प्रतिकारक्षमता सूक्ष्मजीवशास्त्रात शिकविली जाते. लसी, रक्तरस आणि प्रतिकारक्षमता दडपणारी औषधे औषधशास्त्राच्या वाट्यास येतात. परीक्षेच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असेल. परंतु कुपी एकच असते.

आता पेनिसिलिनकडे वळावे. या औषधाचा रेणू इतका लहान, की प्रतिकारव्यवस्थेने त्याची दखलही घेऊ नये. परंतु तो देहातील प्रथिनांना चिकटतो, आणि ते जोड रूप काही माणसांच्या देहास परके वाटते. पहिल्या खेपेस बहुधा बाहेरून काहीच दिसत नाही. देह फक्त लक्षात ठेवतो. पुढल्या खेपेस काही मिनिटांत अंगावर गांधी, घशास सूज, रक्तदाब कोसळणे, आणि अ‍ॅड्रिनॅलिन वेळेवर न मिळाल्यास मृत्यूही. ज्या स्मृतीमुळे लसीची दुसरी मात्रा गुणकारी होते तीच स्मृती येथे घात करते. १९०२ साली रिशे आणि पोर्तिए यांनी या उलट्या परिणामास ‘संरक्षणाच्या विरुद्ध’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ पिर्के यांनी घटसर्पावर घोड्याचा रक्तरस दिलेल्या मुलांत दुसऱ्या खेपेची प्रतिक्रिया अधिक जलद येते हे पाहून, १९०६ साली, ‘बदललेली प्रतिक्रिया’ या अर्थी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडविला. शक्ती वाढली वा घटली असे त्यांनी म्हटले नाही. बदलली असे म्हटले. नेमका शब्द कसा असावा याचा हा नमुना होय.

मराठीने हा शब्द जसाच्या तसा घेतला आणि तो शहरात रुळला. मावळातील वृद्ध स्त्रीस ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का?’ असे विचारले तर ‘नाही’ हेच उत्तर संभवते. कारण तिच्यापाशी त्या अनुभवासाठी निराळे शब्द आहेत. औषध ‘मानवले नाही’, इंजेक्शन ‘उष्ण पडले’, ‘अंगावर पित्त उठले’. शेवटचा प्रयोग विशेष ध्यानात घेण्याजोगा. ‘पित्त झाले’ म्हणजे घशाशी येणारे आंबट पाणी, मळमळ, डोकेदुखी. ‘पित्त उठले’ म्हणजे त्वचेवरील गांधी. नाम एकच, भेद सारा क्रियापदात. रुग्णाने क्रियापद अचूक वापरलेले असते. विद्यार्थिनी घाईत नामच तेवढे उचलते आणि केसपेपरवर आम्लपित्त अशी इंग्रजी नोंद करते. त्या नोंदीमागे पेनिसिलिनचा इशारा गडप होतो. उलट, औषध घेऊन केवळ मळमळलेल्या माणसावर आयुष्यभरासाठी ‘अ‍ॅलर्जी’चा शिक्का बसतो आणि एक उत्तम, स्वस्त औषध त्याला कायमचे बंद होते. पित्त हा आयुर्वेदातील शब्द येथे अशास्त्रीय म्हणून टाकून द्यावयाचा नसून, तो कोणत्या क्रियापदासह आला हे ऐकण्याचे शिक्षण द्यावयाचे आहे. व्याकरणाच्या अध्यापकाने रुग्णालयात जाऊन एक तास घ्यावा असा हा विषय आहे.

यावर असा आक्षेप येईल, की परिचारिकेस पुढे पुण्या-मुंबईत वा परदेशी नोकरी करावयाची असते, औषधांची नावे आणि मात्रा इंग्रजीतच असतात. तेव्हा मराठी शब्दांचा हा खल व्यर्थ होय. आक्षेपात तथ्य आहे. मात्रेच्या अंकात आणि औषधाच्या नावात भाषांतराचा खटाटोप धोक्याचाच. तेथे इंग्रजीच असावी. परंतु पूर्वेतिहास विचारणे आणि घरी जाताना सूचना देणे ही परिचर्येची दोन कामे कोणत्याही मात्रेइतकीच महत्त्वाची आहेत, आणि मावळात ती मराठीतच होतात. पाठ्यपुस्तके या दोन कामांसाठी विद्यार्थिनीस एकही वाक्य पुरवीत नाहीत.

घोड्याचे प्रतिविष घेतलेला रुग्ण दंशातून वाचून घरी जातो. साधारणतः आठ ते बारा दिवसांनी काहींस ताप येतो, सांधे धरतात, अंगावर पित्त उठते. हा घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध त्याच्या स्वतःच्या देहाने केलेला बंदोबस्त असतो, पिर्के यांनी अभ्यासिलेला तोच. उपचाराने तो शमतो. परंतु कोणी आधी सांगून ठेवलेले नसेल तर घरात एकच अर्थ लावला जातो : विष पुन्हा चढले. मग रुग्णालयाचा रस्ता सुटून मांत्रिकाचा धरला जातो. ‘आठवड्या-दीड आठवड्याने ताप आला, सांधे दुखले, अंगावर पित्त उठले, तर ते विष नव्हे, औषध अंगाला मानवले नाही असे समजा आणि परत या.’ या सूचनेत पारिभाषिक शब्द एकही नाही.