प्रथमा आणि कर्ता : जर्मन ‘नॉमिनाटिव्ह’च्या अध्ययनातील एक घोटाळा

विभक्ती आणि कारक हे दोन भिन्न पदार्थ आहेत, ही गोष्ट संस्कृत व्याकरणाच्या विद्यार्थ्यास नवी नाही. प्रथमेचा विषय सांगताना पाणिनीने कर्त्याचे नावही घेतलेले नाही. प्रातिपदिकाचा अर्थ, लिंग, परिमाण आणि वचन एवढ्यापुरतीच ती त्याने मर्यादित ठेवली, आणि क्रियापदाने न सांगितलेल्या कर्त्यास तृतीया दिली. असे असता मराठी शाळेत विभक्तीचा जो तक्ता पाठ होतो, त्यात प्रथमेसमोर ‘कर्ता’ असा कारकार्थ लिहिलेला असतो. मातृभाषा बोलण्यास व्याकरणाचा आधार लागत नसल्यामुळे या समीकरणातील दोष एरव्ही झाकलेला राहतो. विद्यार्थी जर्मन शिकू लागला म्हणजे मात्र तो उघडा पडतो.

हा प्रश्न आता पुण्यामुंबईच्या वर्गांपुरता उरलेला नाही. महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला आणि जर्मन भाषा ही जिल्ह्याजिल्ह्यांतील तरुणांच्या उपजीविकेची बाब बनली. मलकापूर व शेगाव यांच्या दरम्यान असलेल्या नांदुऱ्याचा विद्यार्थी यापुढे जर्मनकडे वळला, तर त्याच्या हाती कोणते व्याकरण दिले जाते, याची चिकित्सा म्हणूनच अगत्याची ठरते.

जर्मन नॉमिनाटिव्हचे लक्षण सोपे आहे. ज्या नामाच्या पुरुष-वचनाप्रमाणे क्रियापद चालते ते नाम, तसेच ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाबरोबर येणारे विधेय-नाम, या विभक्तीत असते. ‘डेर लेरर श्राइब्ट डेन ब्रीफ’ म्हणजे ‘शिक्षक पत्र लिहितो’. येथे ‘डेर’ या उपपदाने शिक्षक नॉमिनाटिव्हमध्ये असल्याचे कळते आणि ‘डेन’ने पत्र कर्मविभक्तीत असल्याचे. शब्दांचा क्रम उलटून ‘डेन ब्रीफ श्राइब्ट डेर लेरर’ असे म्हटले तरी अर्थ बदलत नाही. स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी आणि अनेकवचनी नामांच्या उपपदांत मात्र या दोन विभक्तींचे रूप एकच असते. तेथे बहुधा क्रियापदाकडे पाहूनच निर्णय करावा लागतो.

याउलट मराठीत ‘शिक्षकाने पत्र लिहिले’ असे भूतकाळी वाक्य येताच कर्ता तृतीयेत जातो, पत्र प्रत्ययरहित राहते आणि क्रियापद पत्राच्या मागे जाते. पत्र अनेक झाले की ‘शिक्षकाने पत्रे लिहिली’ असा बदल होतो. जर्मनमध्ये ‘डेर लेरर हाट डेन ब्रीफ गेश्रीबेन’ आणि ‘डेर लेरर हाट डी ब्रीफे गेश्रीबेन’ या दोन्ही वाक्यांत ‘हाट’ हे क्रियापद जागचे हालत नाही, कारण ते शिक्षकाशी बांधलेले आहे. मराठीच्या सवयीने पाहणारा विद्यार्थी प्रत्ययरहित पत्रास प्रथमा समजून तेथे ‘डेर ब्रीफ’ लिहून बसतो. त्यात ‘कर्मणी प्रयोग’ या संज्ञेची भर पडली, तर तो या वाक्याचे भाषांतर जर्मन कर्मवाच्यात करू पाहतो. वस्तुतः ‘डेर ब्रीफ’ खरोखरच नॉमिनाटिव्ह होते ते ‘पत्र लिहिले जाते’ या अर्थाच्या रचनेत. मराठी कर्मणी प्रयोग ही भूतकाळी वाक्याची साधी रीत आहे. ते जर्मन कर्मवाच्य नव्हे.

या घोटाळ्याचे मूळ मराठी व्याकरणाच्या घडणीत आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापुढे इंग्रजी व्याकरणाचा आदर्श होता. पुढे संस्कृत विभक्तींची चौकट दृढ झाली. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगविचारास विस्तृत स्थान दिले आणि अरविंद मंगरूळकर यांनी या साऱ्या चौकटीचाच पुनर्विचार मांडला. शालेय तक्त्यापर्यंत मात्र या चर्चेतले फारसे काही पोचले नाही.

यावर इंग्रजीच्या द्वारा जर्मन शिकवावी, हा उपाय नव्हे. ‘मला घर आवडते’ याचे जर्मन ‘मीर गेफेल्ट डास हाउस’ असे होते. घरे अनेक असली तर मराठीत ‘आवडतात’ आणि जर्मनमध्ये ‘गेफालेन’ असा सारखाच बदल होतो. आवड ज्याला आहे तो दोन्ही भाषांत चतुर्थीसदृश रूपात आणि घर प्रथमेत. इंग्रजी वाक्यात आवडणारा मनुष्यच उद्देश्य बनतो. त्या वाटेने गेलेल्या विद्यार्थ्यास जे नियम म्हणून घोकावे लागते, ते मराठी विद्यार्थ्याच्या बोलण्यात आधीच असते. नांदुरा ज्या वऱ्हाडी बोलीच्या टापूत येते, तेथे ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतात एवढाच फरक.

त्या बोलीची आणखी एक जमा आहे. प्रमाण मराठीत ‘मी लिहितो’ आणि ‘मी लिहिले’ यांतील ‘मी’ दिसावयास एकच आहे, त्यामुळे दुसऱ्या वाक्यातील कर्त्याची विभक्ती डोळ्यांना दिसत नाही. वऱ्हाडीत ‘म्या’ हे वेगळे रूप ऐकू येते. जुन्या मराठीतही ‘म्यां’ होतेच. ‘मी लिहितो’ पण ‘म्या लिहिलं’ असे म्हणणाऱ्यास विभक्ती आणि कर्ता या दोन गोष्टी असल्याचे वेगळे शिकवावे लागत नाही. जर्मन या दोन्ही ठिकाणी ‘इश’ हेच रूप वापरते, एवढे सांगितले म्हणजे पुरते. जो शिक्षक ‘म्या’वर अशुद्ध म्हणून काट मारतो, तो विद्यार्थ्याच्या हातचे एक उत्तम साधन काढून घेतो.

यावरून अध्यापनाची एक साधी कसोटी निघते. मराठी सकर्मक वाक्य भूतकाळात असेल तर ते प्रथम वर्तमानकाळात न्यावे आणि मग क्रियापद ज्याच्या मागे जाते ते नाम जर्मनमध्ये नॉमिनाटिव्ह मानावे. ‘शिक्षकाने पत्रे लिहिली’ याचे ‘शिक्षक पत्रे लिहितो’ झाले की शिक्षक आपोआप पुढे येतो. ‘मला घर आवडते’ येथेही ही कसोटी टिकते. तिला मर्यादा आहेत. ‘मला जर्मन येते’ याचे ‘इश कान डॉइच’ होते आणि तेथे येणारी भाषा प्रथमेत नसून जाणणारा मनुष्य प्रथमेत असतो. ‘मला थंडी वाजते’ याच्या ‘मीर इस्ट काल्ट’ या जर्मन रूपात तर प्रथमेतील नामच नाही. असे अपवाद वेगळे शिकवावेच लागतील. परंतु ते अपवाद म्हणून ओळखू येण्यासाठीही प्रथमेचे समीकरण कर्त्याशी न मांडता क्रियापदाच्या अनुसरणाशी मांडले पाहिजे. तक्त्यातील तो एक शब्द बदलला, तर जर्मनच्या विद्यार्थ्याचा मार्ग सुकर होईल आणि मराठीचे व्याकरणही मराठीच्या स्वभावास अधिक धरून राहील.