लांबलेली आस आणि दबलेला आघात

मालाचे वर्णन आणि प्रत्यक्ष माल यांत अंतर पडले, तर ते किती व कोणाच्या तोट्याचे, हा प्रश्न आमच्या व्यवसायात नित्य निघतो. संगीताच्या साधनांविषयी तो क्वचितच विचारला जातो. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणि जपानात इलेक्ट्रिक गिटारसाठी पायाशी ठेवावयाच्या ज्या लहान डब्या निघाल्या, त्यांतील काहींस 'कॉम्प्रेसर' म्हणजे संकोचक असे नाव पडले, तर काहींस 'सस्टेनर' म्हणजे सूर टिकवून धरणारा. काम मात्र दोहोंचे एकच. आज त्या जुन्या डब्या हौशी लोक जपून ठेवतात आणि त्यांच्या प्रतिकृतीही बाजारात येतात. तेव्हा त्यांच्या नावातील दावा एकदा तपासून पाहणे अनाठायी होणार नाही.

तार छेडली की आघाताच्या क्षणी नाद सर्वांत मोठा असतो. पुढे तो उतरणीस लागतो. आघातानंतर रेंगाळणाऱ्या या नादास आपले वादक 'आस' म्हणतात. मींड घ्यावयाची ती या आसेच्या आधारावर. आस संपली की मींडही संपली. गायकाला श्वास आहे, पेटीला भाता आहे. तारेला मात्र एकदा मिळालेल्या आघाताच्या पुंजीवरच सारा संसार करावा लागतो. ही पुंजी वाढविल्याचा दावा 'सस्टेनर' हे नाव करते.

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे कीथ बार आणि टेरी शेरवुड यांनी स्थापिलेल्या एमएक्सआर कंपनीची 'डायना कॉम्प' ही लाल डबी या वर्गाचा नमुना म्हणून घेऊ. तिच्यावर फिरवावयाची बटणे दोनच: एक बाहेर पडणाऱ्या आवाजाचे, दुसरे 'सेन्सिटिव्हिटी'चे, म्हणजे दाब किती असावा याचे. आत सीए ३०८० नावाची एक चिप असते. आलेला नाद मोठा असेल तर तिची वर्धनशक्ती कमी केली जाते. नाद ओसरू लागला की ती हळूहळू वाढविली जाते. परिणामी आघात दबतो, शेपूट उचलली जाते, आणि कानाला वाटते की सूर लांबला.

वस्तुतः सूर लांबलेला नसतो. समईची वात पुढे सारली की ज्योत मोठी दिसते, तेल काही वाढत नाही. तसाच हा प्रकार. तारेत जेवढे कंपन होते तेवढेच राहते. त्यातही एक खर्च आहे. नाद अगदी क्षीण झाला की यंत्राची वर्धनशक्ती कळसास पोहोचते, आणि मग सुराबरोबर विजेची खरखरही वर येते. वादक थांबला की जी शांतता असावयाची, तेथे सूं-सूं ऐकू येते.

त्याच काळातील दोन साधने शेजारी ठेवली म्हणजे हा दावा अधिक स्पष्ट होईल. १९६९ साली निघालेल्या न्यूयॉर्कच्या 'बिग मफ'वरही 'सस्टेन' असे लिहिलेले बटण आहे. तेथे नादलहरीचे माथे छाटून तो खरबरीत व दीर्घ भासविला जातो. उलट ग्रेग हीट यांचे 'ई-बो' हे हातात धरावयाचे साधन चुंबकीय क्षेत्राने तारेलाच हलवीत राहते. त्याने मात्र समईत खरोखर तेल पडते. सूर टिकविण्याच्या दाव्यास पुरावा आहे तो तेथे.

तथापि दावा अतिशयोक्त ठरला म्हणून माल टाकाऊ ठरत नाही. १९६५ च्या 'मिस्टर टॅम्बरीन मॅन' या ध्वनिमुद्रणात रॉजर मॅग्विन यांच्या बारा तारांच्या गिटारला स्टुडिओतील संकोचक लावला होता, आणि त्या घंटानादासारख्या सलग झंकाराचे मोठे श्रेय त्यास आहे. 'लिटल फीट'चे लोवेल जॉर्ज तारेवर नळी सरकवून वाजवीत. कॉम्प्रेसरच्या सढळ वापराने त्यांचा सूर एखाद्या गवयाच्या आकारासारखा ओघळत जाई. बासवाल्यांची गरज निराळी. जाड व बारीक तारांचा आवाज कमीजास्त निघाला तर गाण्याचा पायाच डगमगतो. तेथे थोडा संकोच हितकारकच.

आमचा आक्षेप निराळ्या ठिकाणी आहे. नळी वा लोखंडी कांब सरकवून गिटार वाजविण्याची रीत आपल्या शास्त्रीय संगीतातही रुजली. ब्रिजभूषण काब्रा यांनी ती प्रतिष्ठित केली; विश्वमोहन भट्ट यांनी आपल्या मोहनवीणेस तरफेच्या तारा जोडल्या आणि १९९३ साली राय कूडर यांच्यासह काढलेल्या ध्वनिमुद्रिकेस पुढल्या वर्षी ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तरफही आसेस साहाय्य करते. पण ती आघाताशी प्रामाणिक राहते. हलक्या छेडीला हलका प्रतिसाद, जोरदार छेडीला जोरदार. संकोचक नेमका हा हिशेब पुसतो. वादकाने नखी हळुवार टेकविली काय किंवा आवेशाने मारली काय, श्रोत्यापर्यंत जवळजवळ सारखेच पोहोचते. रियाजाने मिळविलेला लहानमोठेपणा अशा रीतीने रद्दबातल होतो.

या बाबतीत सर्व डब्या सारख्या दोषी नाहीत. डॅन आर्मस्ट्राँग यांच्या 'ऑरेंज स्क्वीझर'वर फिरवावयाचे एकही बटण नव्हते. किती दाबावयाचे ते रचनाकारानेच ठरवून टाकलेले. 'डायना कॉम्प'ने दाबाचे प्रमाण वादकाच्या हाती दिले, पण दाब केव्हा सुरू व्हावा हे दिले नाही. जपानच्या बॉस कंपनीने १९७८ च्या सीएस-१ ला 'कॉम्प्रेशन सस्टेनर' अशी दोन्ही नावे एकदम दिली; १९८१ च्या सीएस-२ वर आघाताचे स्वतंत्र बटण आले. आमच्या मते हीच योग्य दिशा. जे साधन हरण करते, त्याने निदान किती हरण करावे हे तरी धन्याला विचारावे.

हा विषय परदेशी वादकांपुरता आहे असे वाचकांनी समजू नये. आज अनेक डिजिटल मिक्सरांत प्रत्येक मायक्रोफोनच्या वाटेवर हाच संकोचक बसविलेला असतो, आणि असे मिक्सर देवळांच्या सभामंडपांतही येऊ लागले आहेत. कीर्तनकार आख्यान रंगवीत असता आवाज मुद्दाम खाली आणतो. श्रोते पुढे झुकतात. मग नामघोष उसळतो. यंत्राने दोन्ही एका पातळीवर आणले तर शब्द सर्वांस ऐकू येतील, परंतु त्या झुकण्याचे आणि उसळण्याचे प्रयोजन उरणार नाही. मागल्या रांगेतील वृद्धांस ऐकू यावे हीही रास्त मागणी आहे. म्हणून यंत्र काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. ते किती लावावे हे गाणे जाणणाऱ्याने ठरवावे, केवळ तारा जोडणाऱ्याने नव्हे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

निकाल असा: 'संकोचक' हे नाव खरे, 'सस्टेनर' हे नाव अर्धे खरे. त्या जुन्या डब्यांनी काही सुंदर गाणी दिली याबद्दल त्यांचे श्रेय त्यांस द्यावे. मात्र लांबलेली आस ही त्यांची देणगी नसून दबलेल्या आघाताची किंमत मोजून केलेली खरेदी आहे, हे घेणाऱ्याने जाणून घ्यावे.