हरित संश्लेषणातील ‘हरित’ : एक चिकित्सा

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या अर्काने सोन्या-चांदीचे नॅनोकण तयार केले. या पद्धतीत अर्कच धातूच्या आयनांचे क्षपण करतो. सोडियम बोरोहायड्राइडची गरज उरत नाही. मात्र अशा कणांची उत्प्रेरकक्षमता बहुधा ४-नायट्रोफिनॉलच्या क्षपणाने तपासली जाते आणि तेथे तेच बोरोहायड्राइड विपुल प्रमाणात वापरले जाते. ही विसंगती कायम ठेवून चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतील मोह, हिरडा, बेहडा यांच्या पानांवर तोच प्रयोग केल्यास केवळ वनस्पतींची यादी वाढेल. ऋतुमानानुसार अर्क बदलल्यास कण बदलतात काय, उत्प्रेरक कितीदा वापरता येतो, मौल्यवान धातू परत मिळतो काय, या कसोट्यांवर उतरल्याशिवाय संश्लेषणास ‘हरित’ संबोधणे उचित ठरणार नाही.