न बोललेल्याचे बळ : राष्ट्राभिमानाची जुनी पोस्टरे आणि आजचे फलक

ब्रिटिश अमदानीत महाराष्ट्रातील छापील चित्रांनी आणि पोस्टरांनी राष्ट्राभिमान जागवला तो उघड आवाहनापेक्षा सूचनेच्या बळावर. राजद्रोहाचा कायदा आणि सेन्सॉर जे बोलू देत नव्हते, ते पाहणाऱ्याने आपल्या मनात पुरे करावे अशी त्यांची रचना होती, आणि त्यांचे कलामूल्यही मुख्यतः याच रचनेत आहे.

या परंपरेचा आरंभ 1878 साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने निघालेल्या चित्रशाळेपाशी शोधता येतो. तेथे शिळामुद्रणाने, म्हणजे दगडावर तेलकट शाईने रेखाटून आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून, चित्रे छापली जात. एकच चित्र अनेक प्रतींत निघू लागल्यामुळे दरबारातले चित्र मध्यमवर्गीय भिंतीपर्यंत पोहोचले. चित्रशाळेने रामपंचायतनाबरोबरच नाना फडणवीसांसारख्या पेशवाईतील व्यक्तींची चित्रेही काढली. गेलेल्या राज्याचा मुत्सद्दी देवादिकांच्या तसबिरींशेजारी आला की त्याच्या वाट्याला आपोआप पूज्यभाव येई, आणि चित्रात परकीय सत्तेविषयी चकार शब्द नसतानाही ‘हे राज्य गेले कसे’ हा प्रश्न घरात टांगलेला राही. 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसने पौराणिक विषयांना तैलचित्राची घनता दिली आणि अशा चित्रांचा प्रसार देशभर केला.

चित्रपटाच्या पोस्टराने हीच युक्ती रस्त्यावर आणली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे भारतीय चित्रपटांच्या सचित्र पोस्टरांचे आद्य प्रवर्तक मानले जातात. त्यांचा ‘सैरंध्री’ (1920) कीचकवधाच्या कथेवर आधारलेला होता, आणि याच कथेवरील कृ. प्र. खाडिलकरांच्या नाटकावर सरकारने पूर्वी बंदी घातली असल्यामुळे प्रेक्षकांना कीचक म्हणजे परकीय सत्ताधीश हे समजावून सांगावे लागत नव्हते. प्रभात फिल्म कंपनीने 1930 साली काढलेल्या शिवकालीन चित्रपटाचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ‘उदयकाल’ झाले. पैठणच्या एकनाथांवरील ‘महात्मा’ हा चित्रपटही 1935 साली ‘धर्मात्मा’ म्हणून प्रदर्शित झाला. प्रभातचे बोधचिन्ह या संदर्भात मुद्दाम न्याहाळण्यासारखे आहे. तुतारी फुंकणाऱ्या त्या स्त्रीची कमनीय देहरेषा तुतारीच्या बाकात पुढे चालू राहते, त्यामुळे नजर खालून वर चढते. युद्धाचे वाद्य हाती असूनही समोर शत्रू दाखवलेला नाही, आणि ‘प्रभात’ या नावातला उगवता काळ कोणाचा, हे ज्याचे त्याने ओळखावे.

या तुलनेत पहिल्या महायुद्धातील पाश्चात्त्य पोस्टरे थेट अंगावर येतात. आल्फ्रेड लीट यांनी 1914 साली रेखाटलेला किचनर आणि जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांच्या 1917 च्या पोस्टरावरचा अंकल सॅम पाहणाऱ्याकडे बोट रोखून त्याला एकटे पाडतात आणि त्याच्याकडून सैन्यभरती मागतात. तिसरा मार्ग नंदलाल बोस यांचा. खानदेशातील फैजपूर येथे 1936 साली भरलेल्या, ग्रामीण भागातील पहिल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट त्यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली, आणि 1938 च्या हरिपुरा अधिवेशनासाठी कारागीर, शेतकरी, वादक व गृहिणी यांची हाताने रंगवलेली चित्रे उभारली. तेथे नायकही नाही आणि शत्रूही नाही. रोजचे काम हाच अभिमानाचा विषय आहे.

याच काळात मराठवाड्यातील हिंगोलीचा प्रदेश ब्रिटिश अमलात नव्हे, तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे तेथील राष्ट्रचिन्हांचा अर्थ आणखी तीव्र होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि स्टेट काँग्रेसवर 1938 साली बंदी घालण्यात आली होती. 15 ऑगस्ट 1947 नंतरही या मुलखात तिरंगा फडकवणे म्हणजे तुरुंगाची तयारी ठेवणे होते. स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच काळात अटक झाली. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त होईपर्यंत तीन रंगांचा कापडी तुकडा स्वतःच पोस्टराचे काम करत होता.

त्या मुक्तीच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या मुक्तिसंग्रामदिनाचा आजचा फ्लेक्स या वारशाला कमी पडतो, आणि दोष केवळ तंत्राचा नाही. संगणकावर तयार नमुने मिळतात आणि छपाई स्वस्त आहे, त्यामुळे नेत्याचा चेहरा, शुभेच्छुकांच्या रांगा, तिरंगा आणि वीरपुरुष हे सर्व एकाच चौकटीत कोंबले जाते. अभिमानाचा विषय कोपऱ्यात जातो आणि शुभेच्छुक मध्यभागी येतो. बंधन उरले नाही म्हणून सूचकतेची गरज संपली असे मानणे ही या कलेची खरी पीछेहाट आहे. सेन्सॉर परत यावा असे कोणी म्हणणार नाही, परंतु चित्रकाराने स्वतःवर घालून घेतलेला संयम कायद्याच्या धाकाविनाही शक्य असतो, हे हरिपुऱ्याने दाखवून दिले आहे.

त्यासाठी विषय हिंगोलीतच आहेत. परंपरेने ज्यांचे जन्मस्थान नर्सी मानले जाते त्या नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. मराठवाड्यातील एका गावाचा शब्द पंजाबात पोहोचतो ही वस्तुस्थिती कोणत्याही शत्रूवाचून अभिमान जागवू शकते. ती मोजक्या रेषांत मांडणारा आणि उरलेली जागा रिकामी ठेवण्याचे धाडस करणारा चित्रकार मिळाला, आणि त्या रिकाम्या जागेत आपली नावे घालण्याचा आग्रह पैसे देणाऱ्यांनी सोडला, तरच फलकाला पुन्हा पोस्टराचे मोल येईल.