सूडाचा हिशेब न जुळवणारा सिनेमा

हिंदी सिनेमावर वाढलेल्या प्रेक्षकाला सूडकथेचं अप्रूप नाही. 'शोले'त ठाकूरनं गब्बरला पायाखाली चिरडावं की पोलिसांच्या हवाली करावं, एवढाच प्रश्न शेवटी उरला होता आणि सेन्सॉरच्या आग्रहाखातर तो पोलिसांच्या बाजूनं सुटला. ठाकूरचा सूड योग्य आहे का, ही शंका मात्र कुणालाच आली नाही. कोरियन सूडपटांनी ही शंका कथेच्या केंद्रस्थानी आणली. गेल्या पंचवीस वर्षांत जगानं या सिनेमाची दखल घेतली, ती त्यातल्या रक्तपातासाठी आहे असा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. तो दूर व्हायला हवा.

हा सिनेमा अचानक उगवला नाही. दक्षिण कोरियात लष्करी राजवटींची दशकं सरून 1987 मध्ये लोकशाही आली. 1996 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं चित्रपटांची पूर्वपरीक्षणाची पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी बुसानचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. पुढच्याच वर्षी आर्थिक संकट कोसळलं आणि असंख्य लोकांच्या नोकऱ्या गेल्या. तत्त्वज्ञान शिकलेला पार्क चान-वूक आणि समाजशास्त्र शिकलेला बोंग जून-हो हे या उलथापालथीत घडलेले दिग्दर्शक. पोलीस, कारखानदार, न्यायव्यवस्था यांपैकी कुणीही सामान्य माणसाच्या मदतीला येणार नाही, हा अनुभव त्यांच्या पिढीच्या हाडात मुरलेला होता. बोंगच्या 'मेमरीज ऑफ मर्डर'मधले (2003) पोलीस खुनी सापडत नाही म्हणून हाती लागेल त्याला बडवून कबुलीजबाब लिहून घेतात. न्याय मिळत नसेल तर माणूस काय करेल, हा तिथल्या सूडपटाचा आरंभबिंदू आहे.

पार्कच्या सूडत्रयीतला पहिला चित्रपट 'सिंपथी फॉर मिस्टर व्हेंजन्स' (2002) तिकीटबारीवर पडला. तरीही या प्रकाराचं सगळं व्याकरण त्यात सापडतं. मूकबधिर कामगार र्‍यू बहिणीच्या मूत्रपिंडासाठी धडपडतो, नोकरी गमावतो, अवयवांच्या दलालांकडून लुबाडला जातो आणि एका मालकाच्या मुलीचं अपहरण करतो. मुलीला इजा करण्याचा त्याचा हेतू नसतो, पण ती बुडून मरते. आता तिचा बाप सूडाला निघतो. सोंग कांग-होनं साकारलेल्या या बापाला ठाऊक असतं, की समोरचा माणूस मुळात वाईट नाही. तरीही तो त्याला मारतो. दोघांचं दुःख खरं आहे, दोघांची बाजू समजते आणि प्रेक्षकाला टाळी वाजवायला जागाच उरत नाही.

'ओल्डबॉय'नं (2003) कान महोत्सवात 2004 साली ग्रां प्री मिळवला आणि जगाचं लक्ष वेधलं. पंधरा वर्षं कारण न सांगता कोंडून ठेवलेला ओ दे-सू हातोडा घेऊन अरुंद बोळात एका अख्ख्या टोळीशी भिडतो, तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. तो नीट पाहण्यासारखा आहे. कॅमेरा बोळाच्या समांतर सरकत राहतो, सुमारे तीन मिनिटं एकही कट नाही. मारामारीला नृत्याची लय नाही. माणसं दमतात, धापा टाकत भिंतीला टेकतात, पडून पुन्हा उठतात. दे-सूच्या पाठीत सुरा रुतलेला आहे आणि तो तसाच लढतो आहे. चोई मिन-सिकचं शरीर इथं नायकाचं वाटत नाही, थकलेल्या मध्यमवयीन माणसाचं वाटतं. शेवटी जे सत्य कळतं ते मी इथं सांगणार नाही. पण ते कळल्यावर हा सगळा पराक्रम दुसऱ्याच कुणीतरी मांडलेल्या डावाचा भाग होता, हे उमगतं.

माझ्या मते त्रयीतला सर्वांत थोर चित्रपट मात्र 'लेडी व्हेंजन्स' (2005) आहे. तेरा वर्षं तुरुंगात काढलेली गम-जा (ली यंग-ए) खऱ्या गुन्हेगाराला पकडते आणि त्यानं मारलेल्या मुलांच्या आईबापांना एका ओसाड शाळेत बोलावते. ते वर्गात बसून मुलांच्या चित्रफिती पाहतात. चर्चा होते, निर्णय होतो. मग अंगावर रेनकोट चढवून, हातात हत्यारं घेऊन ही साधीसुधी माणसं बोळात ओळीनं आपल्या पाळीची वाट पाहत बसतात. काम उरकल्यावर ती बेकरीत केक खातात आणि खंडणीचे पैसे परत मिळावेत म्हणून आपापले बँक खाते क्रमांक लिहून देतात. हा तपशील अंगावर येतो. मूल गेलं, मारेकरीही गेला आणि मागे उरला खाते क्रमांक. सूडाविषयी इतकं कठोर आणि तरीही इतकं कणवेचं भाष्य मी दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात पाहिलेलं नाही.

हा प्रश्न किम जी-वूननं 'आय सॉ द डेव्हिल'मध्ये (2010) टोकाला नेला. ली ब्योंग-हूनचा गुप्तहेर होणाऱ्या बायकोच्या खुन्याला पकडतो, मारतो, सोडतो आणि पुन्हा पकडतो. हा खेळ त्याला जमतो, पण त्याची किंमत तिच्या घरच्यांना मोजावी लागते. तिथल्या मानांकन मंडळानं कात्री लावायला भाग पाडलेला हा चित्रपट सोसवत नाही, हे खरं. पण शेवटी रस्त्यावरून चालताना ली ब्योंग-हूनच्या चेहऱ्यावर जे फुटतं, त्याला विजय म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही.

स्त्रियांच्या बाजूनं पाहायचं तर सो यंग-ही या अभिनेत्रीचं नाव घ्यायलाच हवं. ना होंग-जिनच्या 'द चेझर'मध्ये (2008) ती खुन्याच्या तावडीत सापडलेली बाई होती. खुनी पहिल्या अर्ध्या भागातच कबुली देतो, पण महापौरांवर विष्ठा फेकली गेल्याच्या गोंधळात पोलिसांना तिला शोधायला सवड नसते. 'बिडेव्हिल्ड'मध्ये (2010) तीच अभिनेत्री बेटावर सर्वांच्या देखत छळली जाणारी बोक-नम होते आणि अखेर हातात कोयता घेते. चित्रपट मात्र दोषाचा मोठा वाटा, सगळं पाहून गप्प बसलेल्या तिच्या शहरी मैत्रिणीच्या पदरात टाकतो.

आपल्याकडे या सिनेमाचं काय झालं? 'जिंदा' (2006) या हिंदी चित्रपटानं 'ओल्डबॉय'चा सांगाडा घेतला आणि गाभ्यातलं भयंकर सत्य गाळलं. 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर'चा (2010) रिमेक 'रॉकी हँडसम' (2016) निशिकांत कामत यांनी केला. 'डोंबिवली फास्ट'मध्ये (2005) याच दिग्दर्शकानं माधव आपटेचा राग दाखवताना त्याचा विजयोत्सव होऊ दिला नव्हता. अशा दिग्दर्शकाच्या हातूनही रिमेकमध्ये हाणामारीच अधिक लक्षात राहते. मला हा दोष एका माणसाचा वाटत नाही. आपल्या व्यवसायाला कोरियन चित्रपटातून ॲक्शन हवी असते, प्रश्न नको असतात.

खुद्द कोरियातही वारा फिरतो आहे. 'द ग्लोरी' (2022-23) ही मालिका सोंग हे-क्योच्या संयत अभिनयामुळे पाहावीच अशी आहे. शाळेतल्या छळाचा विषयही ती गांभीर्यानं घेते. पण सोळा भागांत एकेका गुन्हेगाराला हप्त्याहप्त्यानं शिक्षा वाटताना ती प्रेक्षकाला समाधान देत जाते. 'शोले'चंच समाधान, अधिक देखण्या छायाचित्रणात. पार्क मात्र अजून वळलेला नाही. 'नो अदर चॉइस'मध्ये (2025) पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर काढून टाकलेला माणूस आपल्यासारख्याच बेकारांना मारत सुटतो, कारण ज्याच्यावर सूड उगवावा असा चेहराच व्यवस्थेला नाही. हा प्रकार जिवंत ठेवायचा तर वाट हीच आहे.

ज्यांना हे चित्रपट नव्यानं पाहायचे आहेत त्यांनी 'द चेझर'पासून सुरुवात करावी, मग त्रयी क्रमानं पाहावी आणि 'आय सॉ द डेव्हिल' सर्वांत शेवटी ठेवावा. हिंसा सोसवत नसेल तर निदान 'लेडी व्हेंजन्स' तरी चुकवू नये. आणि हे चित्रपट मूळ कोरियनमध्ये, उपशीर्षकांसह पाहावेत. डब केलेल्या आवृत्तीत चोई मिन-सिक आणि सोंग कांग-हो यांचा अर्धा अभिनय हरवतो.