पैसा जनतेचा, निवड कोणाची?

संशोधनासाठी पैसा कोठून येतो, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. तेथे शास्त्रज्ञ असतो, प्रयोग असतो, शोध असतो. प्रयोगाचे बिल मात्र नसते. हे बिल सरकारने का भरावे, याचे सर्वांत गाजलेले उत्तर व्हॅनिव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याने १९४५ साली राष्ट्राध्यक्षांना सादर केलेल्या अहवालात आहे. 'विज्ञान : अनंत सीमाप्रदेश' असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. आपल्याकडे २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला, म्हणून आम्ही तो पुन्हा वाचला.

बुश यांचा युक्तिवाद सरळ आहे. मूलभूत संशोधनाचा फायदा कोणाला आणि कधी होईल, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे नफ्यावर चालणारा उद्योग त्यात पुरेसा पैसा घालणार नाही. तो सरकारनेच घातला पाहिजे. पेनिसिलिन आणि रडार यांचा अनुभव ताजा होता, त्यामुळे हे म्हणणे पटलेही. निधीत अनेक वर्षे सातत्य हवे, ही त्यांची पहिली अट होती. हिचे मोल आम्ही जाणतो. आमच्या एका प्रकल्पाचा हप्ता फेब्रुवारीत हाती आला आणि मार्चअखेर खर्चाचा हिशेबही मागितला गेला. जीवाणू काही आर्थिक वर्ष पाहून वाढत नाहीत!

मात्र अहवालाच्या दोन उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिली नियंत्रणाची. निधी वाटणाऱ्या संस्थेचा संचालक सरकारबाहेरच्या सदस्यांनीच निवडावा, असे बुश यांना वाटे. पैसा जनतेचा आणि जबाबदारी कोणालाच नाही, हे ट्रुमन यांना मान्य नव्हते. त्यांनी १९४७ साली तसे विधेयक नाकारले. अखेर १९५० साली नॅशनल सायन्स फाउंडेशन स्थापन झाले, तेव्हा संचालकाची नेमणूक राष्ट्राध्यक्षांकडे गेली. दुसरी उणीव वाटपाची. निधीचा काही भाग सर्व राज्यांत वाटावा, असा सिनेटर किलगोर यांचा आग्रह होता. बुश यांचा भर केवळ गुणवत्तेवर. परंतु जेथे प्रयोगशाळाच नाही, तेथे गुणवत्ता दिसणार कशी? शेवटी १९७९ साली त्याच फाउंडेशनला मागे पडलेल्या राज्यांसाठी वेगळी योजना सुरू करावी लागली.

आता आपल्या कायद्याकडे पाहू. विद्यापीठे आणि महाविद्यालये यांत संशोधन रुजवणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट आहे. येथे तो बुश यांच्यापेक्षा शहाणा आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण पैशाची मांडणी पाहा. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज जाहीर झाला. त्यातील सुमारे ३६,००० कोटी, म्हणजे शेकडा ७२, उद्योग, देणगीदार अशा सरकारबाहेरच्या स्रोतांतून यावेत अशी अपेक्षा होती. २०२०-२१ साली देशाचा संशोधनावरील एकूण खर्च सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खाजगी क्षेत्राचा वाटा एक तृतीयांशाहून थोडाच अधिक होता. एवढी मोठी उडी कशाच्या बळावर घेणार? नियामक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष पंतप्रधान आहेत, तर कार्यकारी परिषद प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या अध्यक्षतेखाली आहे. म्हणजे पैसा बराचसा इतरांकडून अपेक्षित आणि सूत्रे सरकारकडे! बुश यांची मांडणी नेमकी उलटी होती.

आमच्या मते दोन्ही टोके चुकीची आहेत. जनतेला जाब विचारता आला पाहिजे. पण कोणता प्रस्ताव चांगला, हे त्या विषयातील जाणकारांनी ठरवावे. आणि मूलभूत संशोधनाचा मुख्य भार सरकारनेच उचलावा.

याचा शाळेशी काय संबंध, असे कोणी विचारील. बुश यांच्या अहवालात २४,००० पदवी शिष्यवृत्त्यांची शिफारस होती, कारण घरची गरिबी बुद्धीच्या आड येऊ नये. साबणाची वडी घेणारा माणूसही कर भरतो आणि त्याच पैशातून दुर्बीण उभी राहते. ती दुर्बीण आपल्या वर्गातल्या मुलीच्या डोळ्यापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गात जरूर मांडावा.