वाङ्मयांतील कुत्रें

महाभारतांत धर्मराज कुत्र्यावांचून स्वर्ग नाकारतो. पण अखेरीस तें कुत्रें साक्षात् यमधर्मच निघतें. नामदेव तुपाची वाटी घेऊन पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें धांवतात, तेथेंही विठ्ठलच! दत्ताच्या पायांशीं बसलेल्या चौघांना तर आम्हीं वेदच ठरविलें. देव झाल्यावांचून कुत्र्याला आमच्या वाङ्मयाच्या पंगतींत पान मिळत नाहीं, असें दिसतें. रायगडावर १९३६ सालीं उभारलेल्या वाघ्याच्या पुतळ्यांतही स्वामिनिष्ठेचें दैवतच घडविलें आहे. त्या वाघ्याला समकालीन पुरावा नाहीं, ही गोष्ट निराळी. भंडाऱ्याच्या मासळीबाजारांत टोपल्यांभोंवतीं घुटमळणारें, कोणाचेंच नसलेलें कुत्रें मात्र मला आमच्या कथांतून क्वचितच भेटतें. त्याच्या लंगड्या पायावर एखादी कथा उभी राहील काय, हें आमच्या कथालेखकांना विचारावेंसें वाटतें.